संकासुराची बोली

कार्तिक महिना सरत येतो. भाताची झोडणी आटोपून कणग्या भरलेल्या असतात, आणि देवगड तालुक्यातील गावोगावच्या देवळांत जत्रांचे दिवस उगवतात. खाजे आणि शेवचिवडा विकणारे रांगेने बसतात, लेकीबाळी माहेरी येतात, पालखीची प्रदक्षिणा होते. त्यानंतर देवळाच्या सभामंडपात किंवा पुढच्या पटांगणात एक लाकडी बाक आणून ठेवला जातो. हार्मोनियम, मृदंग आणि झांज घेऊन वादक एका बाजूस बसतात. एवढ्या तयारीवर दशावतारी नाटक सुरू होते. बोलीभाषेत त्याला 'धयकालो' म्हणतात. तो एकुलता एक बाक रात्रभरात इंद्राचे सिंहासन होतो, कैलासाचे शिखर होतो आणि वनवासातील शिळाही होतो. हा बाकच आहे, सिंहासन नव्हे, अशी तक्रार प्रेक्षकांपैकी कोणीही करीत नाही.

मुख्य आख्यानापूर्वी 'आडदसर' नावाचा पूर्वरंग होतो. गणपती ऋद्धिसिद्धींसह येतो, शारदा येते, ब्रह्मदेव येतो, आणि मग काळ्या वेशातला संकासुर रंगमंचावर उडी घेतो. हा वेद चोरणारा दैत्य. शेवटी विष्णू त्याचा वध करून वेद परत मिळवतो. कथा पुराणातली आहे. परंतु हा दैत्य बोलतो ती मात्र अस्सल मालवणी. तो सूत्रधाराची थट्टा करतो, जमलेल्या गावकऱ्यांची फिरकी घेतो, गावातल्या एखाद्या ताज्या घटनेवर कोपरखळी मारतो, आणि चोरीच्या आरोपावर अशी काही उत्तरे देतो, की हसून हसून मुलांची पोटे दुखू लागतात.

अशा वेळी प्रेक्षकांत बसलेला एखादा सातवीतला मुलगा आजोबांना विचारतो, की दैत्य असा कसा बोलेल? दूरचित्रवाणीवरील मालिकेत तर दैत्य गडगडाटी हिंदीत बोलतात, त्यांच्या अंगावर सोन्याची चिलखते असतात. हे दशावतारी लोक कथा चुकीची तर दाखवत नाहीत ना? आजोबा त्याला आपल्या बोलीत सांगतात, "अरे, संकासूर आमच्या गावात इलो, तर तो आमचीच बोली बोलतलो मां!"

आजोबांचे हे उत्तर विनोदी वाटेल, पण ते पूर्ण विचाराचे आहे. मुलाच्या मनात आलेली शंका मात्र काळजी करण्यासारखी आहे. कोणत्याही प्राचीन कथेचे एक आणि एकच खरे रूप असते, आणि ते आपण पडद्यावर पाहिले तेच, असा समज त्या शंकेच्या मुळाशी आहे. हा समज रुजला, तर गावच्या देवळातील कलावंत मुलांच्या दृष्टीने चुकणारा ठरतो. आणि पुढे जाऊन दुसऱ्या गावाची, दुसऱ्या जमातीची, दुसऱ्या देशाची रीतही चुकीची, किंबहुना हास्यास्पद ठरते.

वेद चोरणारा दैत्य कोण, या साध्या प्रश्नापासूनच आरंभ करता येईल. भागवत पुराणात मत्स्यावताराच्या कथेत त्या दैत्याचे नाव हयग्रीव आहे. पद्मपुराणातील कार्तिकमाहात्म्यात तो शंख नावाचा असुर आहे. म्हणजे ज्या ग्रंथांचा आधार घेऊन रंगमंचावरील चुका काढायच्या, त्या ग्रंथांतच एकवाक्यता नाही! दशावताराने शंखासुर स्वीकारला आणि लोकांच्या जिभेवर त्याचा संकासुर झाला. तेथून थोडे उत्तरेस, रत्नागिरी जिल्ह्यात जावे, तर शिमग्याच्या खेळ्यांमध्येही संकासुर भेटतो. त्याचाही वेश काळा, कमरेला घुंगरांचा पट्टा. परंतु तेथे तो केवळ दुष्ट दैत्य राहिलेला नाही. घरोघरी लोक त्याला मानाने बोलावतात आणि त्याच्यापुढे हात जोडतात. एकाच कोकणपट्टीत एकच असुर एका ठिकाणी मारला जातो आणि दुसऱ्या ठिकाणी पुजला जातो. यांत खोटे कोणाला म्हणावे?

मराठी कवींनीही एका कथेला एकाच साच्यात कधी कोंडले नाही. मोरोपंतांनी रामाची कथा एकदा सांगून लेखणी खाली ठेवली नाही. त्यांनी एकशे आठ रामायणे रचली असे परंपरा मानते. त्यांतले एक तर 'निरोष्ठ' आहे. ते म्हणताना ओठाला ओठ लागत नाही, कारण प, फ, ब, भ, म ही अक्षरेच त्यात नाहीत. (ज्याच्या स्वतःच्या नावाचा आरंभ 'मो'ने होतो, त्या कवीने हा हट्ट धरावा ही गंमतच.) आणि ज्या स्त्रियांना लिहितावाचता येत नव्हते, त्यांनी पहाटे दळण दळताना जात्यावरच्या ओव्यांत रामायण गायिले. त्यांच्या रामायणात युद्धापेक्षा सीतेच्या वनवासाला जागा अधिक आहे. कारण सासरी एकट्या पडलेल्या बाईचे दुःख त्यांना लंकेच्या लढाईपेक्षा जवळचे होते.

कथा सांगण्याची आणखी एक रीत देवगडहून फार दूर नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजातील कलावंत चित्रकथी सादर करतात. कागदावर रंगवलेल्या चित्रांचा एक संच असतो, त्याला 'पोथी' म्हणतात. कलावंत एकेक चित्र प्रेक्षकांपुढे धरतो आणि वीणा, हुडूक व टाळ यांच्या साथीने त्या चित्रातला प्रसंग गाऊन सांगतो. चित्र एकाच जागी स्थिर असते. त्यातील बाण सुटतो तो गाणाऱ्याच्या आवाजात. हेच कलावंत चामड्याच्या बाहुल्यांची सावली पडद्यावर पाडतात आणि कळसूत्री बाहुल्याही नाचवतात. जुन्या चित्रांचे कागद जीर्ण होऊ लागले, पाहणारे घटले, तेव्हा ही विद्या टिकणे कठीण झाले होते. परशुराम गंगावणे यांनी घराच्या गोठ्यात तिचे संग्रहालय उभे केले आणि नव्या पिढीला ती शिकवली. २०२१ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली.

पिंगुळीच्या या चामड्याच्या बाहुल्यांची आठवण ठेवून समुद्रापार जावा बेटावर जावे. तेथील बहुसंख्य लोक मुसलमान आहेत; आणि तरीही रामायण व महाभारत ही त्यांची आवडती कथानके आहेत. म्हशीच्या चामड्यातून कोरलेल्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर पाडून रात्रभर खेळ केला जातो. त्याला 'वायांग' असे नाव आहे. सर्व बाहुल्या नाचवणारा आणि सर्वांचे संवाद बोलणारा एकच मनुष्य असतो, त्याला 'दलांग' म्हणतात. प्रेक्षक पडद्याच्या कोणत्याही बाजूस बसतात. एका बाजूस सावल्या दिसतात, तर दुसऱ्या बाजूस दलांग, त्याचा दिवा आणि रंगवलेल्या बाहुल्या. एकाच खेळाच्या या दोन बाजू, आणि दोन्हीकडून पाहिलेला खेळ खराच!

या खेळात पांडवांच्या पदरी सेमार नावाचा एक सेवक असतो. ढेरपोट्या, बुटका, आणि सदा थट्टेखोर. व्यासांच्या महाभारतात तो शोधून सापडणार नाही. जावाच्या लोकांनी त्याला आपल्या मातीतून घडवला. राजेरजवाडे दरबारी, भारदस्त भाषेत बोलत असता सेमार आणि त्याची मुले रोजच्या बोलीत बोलतात, गावातल्या गोष्टींवर टीका करतात आणि प्रसंगी अर्जुनासारख्या वीरालाही चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवतात. हा सेवक वस्तुतः मनुष्यवेषातील देव आहे, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. देवगडचा मुलगा त्या खेळाला जाऊन बसला, तर त्याला जावाची भाषा एक अक्षर कळणार नाही. पण सेमार पडद्यावर येताच सभोवतालचे लोक का खदखदले, हे त्याला न सांगता समजेल.

मात्र सर्वच भेद इतके सुखाने गळी उतरत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. थायलंड देशात रामकथेला 'रामकियेन' म्हणतात. तेथील हनुमंत शूर आहे, रामभक्त आहे. परंतु ब्रह्मचारी नाही. समुद्रावर सेतू बांधला जात असताना रावणाची मत्स्यकन्या पाण्याखालून शिळा पळवू लागते, हनुमंत तिला अडवण्यास जातो आणि तिच्यावर त्याचे प्रेम जडते. त्यांना पुत्रही होतो. ज्या महाराष्ट्रात तालमीतालमीत मारुतीची मूर्ती बसवून ब्रह्मचर्याचा आदर्श म्हणून तिच्यापुढे दंड थोपटले जातात, तेथल्या वाचकास हे ऐकून धक्का बसेल. बसावा, त्यात काही गैर नाही. पण रागावण्यापूर्वी मराठी घरांत सांगितली जाणारी मकरध्वजाची कथा आठवावी. हनुमंताच्या घामाचा थेंब समुद्रात पडला, तो एका मगरीने गिळला आणि तिच्या पोटी मकरध्वज जन्मला, अशी ती कथा. जलचरापासून झालेला हनुमंताचा पुत्र दोन्हीकडे आहे. एका समाजाने त्याच्या जन्माची कथा ब्रह्मचर्य अभंग राखून सांगितली. दुसऱ्याने ती प्रेमकथा केली. थाई माणसाने हनुमंताचा अपमान करण्यासाठी ही कथा रचलेली नाही. त्याचा हनुमंतावर जीव आहे, आणि ज्याच्यावर जीव असतो त्याला मनुष्य आपल्या घरच्यासारखे वागवतो.

प्राचीन अथेन्स नगरातील ग्रीक लोकही आपल्या देवाच्या उत्सवात, उघड्यावर बसून पुराणकथांची नाटके पाहत. तेथेही स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत, दशावतारात करतात तशाच. मुखवटे मात्र प्रत्येक नटास असत. कथा सर्वांना आधीच ठाऊक असे. ॲगमेम्नॉन राजाच्या वधाचा सूड त्याच्या मुलांनी कसा घेतला, ही एकच कथा एस्किलस, सोफोक्लीज आणि युरिपिडीज या तिघा नाटककारांनी हाती घेतली, आणि तिघांचीही नाटके आज उपलब्ध आहेत. एस्किलसच्या नाटकात राजकन्या थडग्याजवळची केसांची बट आणि पावलांचे ठसे पाहून दूर गेलेल्या भावाला ओळखते. युरिपिडीजच्या नाटकात हीच राजकन्या एका गरीब शेतकऱ्याला दिलेली आहे, आणि भावाबहिणीची पावले सारखी कशी असतील, असा प्रश्न विचारून ती त्या जुन्या खुणांची जवळजवळ थट्टाच करते. अथेन्सच्या लोकांनी हे सारे ऐकून घेतले. कथा ठाऊक असल्यामुळेच, या वेळी ती कशी सांगितली जाते, याकडे त्यांचे लक्ष असे.

मग एकच रूप खरे, हा समज आला कोठून? त्याचे कारण बहुधा यंत्रात आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचली. पूर्वी ज्याला देवळाच्या दारातही उभे राहू दिले जात नव्हते, त्याच्या झोपडीतही लक्ष्मीचे चित्र लागले. हा उपकार लहान नव्हे. परंतु त्याबरोबरच लक्ष्मी आणि सरस्वती म्हणजे साडी नेसलेल्या, अशाच चेहऱ्यामोहऱ्याच्या, हे लोकांच्या मनात पक्के ठसले. पुढे १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट दाखवला. त्यातील तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषानेच केली होती, एवढा रंगभूमीचा संस्कार त्यात उरला होता. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका दूरदर्शनवर आली, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. त्या मालिकेत दोष काढण्याचे कारण नाही. तीही रामकथा सांगण्याची एक रीतच होती. दोष आला तो असा, की कोट्यवधी लोकांनी एकाच वेळी एकच राम पाहिला आणि आपापल्या गावचा राम त्यापुढे फिका समजू लागले. दशावतारी मंडळ्यांनीही मग झगमगीत पोशाख आणि चमत्काराची दृश्ये आणली. विजेचे दिवे आले, ध्वनिक्षेपक आले, ते योग्यच झाले. मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही ऐकू येऊ लागले. पण पडद्याची नक्कल करण्याच्या नादात आडदसर आखडते घेतले जाते आणि संकासुराला बोलायला पुरेसा वेळ उरत नाही, ही हानी कोणत्याही दिव्याने भरून निघणारी नाही.

यावर कोणी विचारील, की मग वाटेल त्याने वाटेल तशी कथा सांगावी काय? तसे मुळीच नाही. दशावतारी नटाजवळ लिहिलेली संहिता नसते. आज कोणते आख्यान लावायचे ते ठरते, भूमिका वाटल्या जातात, आणि संवाद रंगमंचावरच उभे राहतात. यासाठी त्याला पुराणांचे सार मुखोद्गत असावे लागते. शिवाय समोर बसलेले लोक त्याच्याइतकेच जाणकार असतात. त्याने द्रौपदीच्या तोंडी न शोभणारा शब्द घातला, तर दुसऱ्या दिवशी सारा गाव त्याला त्याचा जाब विचारतो. ज्याला उत्तर द्यावे लागते, तो कथा जपून हाताळतो. परक्याच्या कथेला हात घालणाऱ्यावर हे बंधन नसते, म्हणून तेथे अधिक सावध राहावे लागते. ल्युडोविको दी वार्थेमा या इटालियन प्रवाशाचे प्रवासवर्णन १५१० मध्ये प्रसिद्ध झाले. कालिकतच्या राजाच्या देवघरातील मूर्ती त्याने पाहिली ती सैतान म्हणून, आणि तसेच वर्णन करून युरोपला सांगितले. त्या मूर्तीपुढे हात जोडणाऱ्या माणसाला ती कशी दिसते, हे विचारण्याची तसदी त्याने घेतली नाही. त्याच्या पुस्तकाच्या वाचकांनीही ती घेतली नाही.

त्याच्या उलट उदाहरण देवगडच्या दक्षिणेस, गोव्यात आहे. पण तेही सरळ नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यात आला, येथली भाषा शिकला आणि त्याने ख्रिस्ताची कथा सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत रचली. 'क्रिस्तपुराण' या नावाने ती १६१६ मध्ये छापली गेली. ज्ञानेश्वर आणि एकनाथ यांचा छंद त्याने घेतला, स्वर्गाला वैकुंठ म्हटले, आणि मराठी भाषेची मनापासून स्तुती केली. दूर देशातील कथा येथल्या श्रोत्यांच्या कानांना आपली वाटावी म्हणून इतके कष्ट थोड्यांनीच घेतले असतील. तथापि त्याच काळात पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी आली होती, हेही विसरता येत नाही. ज्यांच्या हातून त्यांचे पुराण काढून घेतले, त्यांना दुसरे पुराण दिले गेले. ग्रंथ सुंदर आहे. आणि तो वाचताना ज्या पोथ्या वाचायच्या राहिल्या त्यांची आठवणही येते.

देवगड तालुक्यातच, समुद्राच्या लाटा जेथे पायरीशी येतात, तेथे कुणकेश्वराचे मंदिर आहे. महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. या मंदिराविषयी अशी दंतकथा सांगतात, की एका परदेशी मुसलमान व्यापाऱ्याचे गलबत वादळात सापडले असता त्याला किनाऱ्यावर एक दिवा दिसला. वाचलो तर या दिव्याच्या जागी देवालय बांधीन, असा त्याने नवस केला आणि तो फेडला. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा उतरेल किंवा न उतरेल. परंतु पिढ्यान्‌पिढ्या या किनाऱ्यावरच्या लोकांनी आपल्या देवाच्या देवळाचा मान एका परक्या नावाड्याला दिला आणि ती गोष्ट आपल्या मुलांना कौतुकाने सांगितली, ही गोष्ट खरी आहे.

जत्रेतील तो मुलगा पहाटेपर्यंत जागा राहतो. आख्यान संपते, तांबडे फुटण्याच्या वेळी दहीहंडी फुटते आणि काला वाटला जातो. आजोबांच्या शेजारी बसून काला खाताना तो पाहतो, की रात्रीचा संकासुर आता साध्या धोतरात, तोंडाचा रंग अर्धवट पुसून, चहा पीत उभा आहे. मंडळीचे पेटारे भरले जात आहेत. पूर्वी हे पेटारे डोक्यावर घेऊन माणसे डोंगरवाटेने पायी जात, आता टेम्पो येतो. आज रात्री पुढच्या गावी पुन्हा वेद चोरले जातील; त्या गावात काल-परवा काय घडले, याची चौकशी संकासुराने चहाच्या घोटाबरोबर आत्ताच सुरू केलेली असते.